डास कशासाठी, दगड कशासाठी, आणि माझ्या भावाचा आजार कशासाठी?

पत्र

मी सातवीला विज्ञान शिकवते. परिसंस्थेचा धडा चालू असताना सहज म्हणून गेले, “निसर्गात प्रत्येक गोष्टीला काही ना काही हेतू असतोच.” लगेच हात वर झाले. डासांचा काय हेतू? ॲपेंडिक्सचा? दगडांचा? सुचतील तशी उत्तरं दिली. मग एका मुलीने विचारलं, “माझ्या लहान भावाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्याचा काय हेतू?” वर्ग एकदम गप्प झाला. मी म्हटलं, “असेल काहीतरी, आपल्याला अजून कळलेलं नाही.” तेव्हापासून ती माझ्या तासाला तोंड उघडत नाही. नंतर वाचनात आलं की सिकलसेलमुळे मलेरियापासून बचाव होतो. तिला हे सांगू का? आणि मुळात प्रत्येक गोष्टीला हेतू असतो, हे खरं आहे का?

– एक शिक्षिका

उत्तर

नमस्कार.

तिला मलेरियाचं सांगू नका. ‘हेतू’ म्हणून तर मुळीच नको. तुम्ही वाचलंत ते चूक नाही, पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं नेमकं तिच्या भावाच्या विरोधात जातं. त्याकडे येऊच.

मूळ प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, प्रत्येक गोष्टीला हेतू नसतो. काही गोष्टींना असतो, अगदी नेमका असतो, आणि तो तपासून बघता येतो. बाकीच्यांना नसतो, आणि त्यामुळे त्यांचं काही अडत नाही.

गोंधळ सुरू होतो तो ‘का’ या एका अक्षरापासून. ‘का’ विचारलं की आपण एका दमात दोन प्रश्न विचारतो: कशामुळे आणि कशासाठी. पाऊस का पडतो? ढगातले थेंब जड झाल्यामुळे. छत्री का उघडली? भिजू नये यासाठी. ‘म्हणून’ हा शब्दही असाच दोन्ही घरचा पाहुणा. ‘पाऊस आला म्हणून छत्री उघडली’ आणि ‘भिजू नये म्हणून छत्री उघडली’ ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून बघा. पहिल्यात कारण मागे आहे, घडून गेलेलं. दुसऱ्यात ते पुढे आहे, अजून घडायचं आहे. तुम्ही वर्गात ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं म्हणाला असतात, तर विज्ञानाच्या तासाला ते चाललं असतं. ‘कारण’च्या जागी ‘हेतू’ आला आणि मागचं पाऊल पुढे पडलं.

ही घसरण फार जुनी आहे आणि ती फक्त मुलांचीच होत नाही. ॲरिस्टॉटलने सुमारे 2,300 वर्षांपूर्वी हाच प्रश्न स्वतःला घातला होता. पाऊस काही धान्य पिकावं यासाठी पडत नाही; मग पुढचे दात धारदार आणि दाढा सपाट, हेही तसंच आपोआप जुळून आलं असेल का? त्याने ते नाकारलं. योगायोग क्वचित घडतो, दात तर दर पिढीला तसेच येतात. म्हणजे ते ‘साठी’च असले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, योगायोग किंवा हेतू. तिसरी वाट 1859 मध्ये डार्विनने दाखवली. चावायला सोयीचे दात ज्यांना होते ते जास्त जगले, त्यांची पिलं जास्त झाली, दात पुढे गेले. त्यामागे कोणी योजना आखलेली नव्हती आणि तो निव्वळ योगायोगही नव्हता. सजीवांच्या अवयवांबद्दल आपण आज ‘कशासाठी’ विचारू शकतो ते या तिसऱ्या वाटेच्या जोरावर.

आता तपासायचं कसं? आम्ही तीन प्रश्न सुचवतो, याच क्रमाने.

पहिला: ही गोष्ट बिघडू शकते का? हृदय बिघडतं. कात्री बिघडते. कान बिघडतो. दगड बिघडत नाही. दगड फुटला तर दोन दगड होतात, ‘नादुरुस्त दगड’ होत नाही. जिथे ‘नीट चाललंय’ आणि ‘बिघडलंय’ असा भेदच करता येत नाही, तिथे करायचं असं काही कामच ठरलेलं नाही. सातवीच्या मुलांना ही कसोटी लगेच पकडता येते, आणि चंद्र, डोंगर, ढग, वाळू हे सगळे इथेच गळतात.

दुसरा: ती गोष्ट त्या परिणामामुळेच आहे का? हृदयाचंच घ्या. ते रक्त ढकलतं, हे विल्यम हार्वीने 1628 मध्ये दाखवलं. दिवसाला साधारण एक लाख ठोके. पण हृदय आणखीही बरंच काही करतं. झडपा मिटताना लब-डब आवाज करतं, छातीत जागा अडवतं, शरीराच्या वजनात पाव किलोच्या आसपास भर घालतं. मग रक्त ढकलणं हेच ‘काम’ आणि आवाज हा नुसता ‘परिणाम’, हे कशावरून? कारण रक्त ढकललं गेलं नसतं तर हृदय नावाचा अवयव पिढ्यान्‌पिढ्या टिकलाच नसता; आवाज न करणारं हृदय मात्र मजेत टिकलं असतं. तत्त्वज्ञ लॅरी राइट यांनी 1973 मध्ये ही कसोटी नेमकेपणाने मांडली. एखाद्या गोष्टीचे परिणाम कितीही असोत, ज्या परिणामामुळे ती गोष्ट तिथे आहे, तेवढंच तिचं कार्य. डॉक्टरांना हृदयाचा आवाज उपयोगी पडतो, पण हृदय काही स्टेथोस्कोपसाठी धडधडत नाही. उपयोग आणि हेतू यांच्यातला हा फरक मुलांना एकदा दिसला की पुढचं निम्मं काम झालं.

तिसरा: फायदा कोणाचा? पिकलेल्या फळाचा गर गोड असतो तो खाणाऱ्याच्या जिभेसाठी नव्हे. खाणारा बी दूर नेऊन टाकतो, त्यात झाडाचा फायदा आहे, आणि त्या फायद्यामुळे गोड गर टिकला. डार्विनने तर स्पष्ट लिहून ठेवलं होतं की एखाद्या जातीचा एखादा अवयव निव्वळ दुसऱ्या जातीच्या भल्यासाठी घडला आहे असं कोणी सिद्ध केलं, तर आपला सगळा सिद्धान्तच कोसळेल.

डासांचा प्रश्न इथे सुटतो. बहुतेक शिक्षक (कदाचित तुम्हीही) म्हणतात, “मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणजे डासांचाही उपयोग आहेच की.” आहे, उपयोग आहे. पण डास माशांसाठी नाहीत. अळीच्या अंगात एकही भाग असा नाही की जो माशाला सोयीचा असल्यामुळे टिकला. उलट माशापासून निसटण्याची धडपड तिच्या प्रत्येक हालचालीत आहे. डासाच्या सोंडेला हेतू आहे. तोंडाचे सुईसारखे भाग कातडीत शिरतात आणि मादीला अंड्यांसाठी लागणारी प्रथिनं रक्तातून मिळतात. नर चावत नाही, त्याला त्याची गरजच नाही. मात्र ‘डास’ या आख्ख्या प्राण्याला कोणाच्या तरी दृष्टीने काही काम नेमून दिलेलं आहे, असं म्हणायला कसलाच आधार नाही. अवयवांना कार्य असतं, कारण ते एका जिवाचे भाग असतात. जीव स्वतः कशाचा तरी भाग म्हणून घडवला गेलेला नसतो. परिसंस्थेच्या धड्यात ‘भूमिका’ हा शब्द वापरा. मासा, अळी, शेवाळ यांना भूमिका असतात, म्हणजे एक काढला तर बाकीच्यांवर परिणाम होतो. तेवढंच. ‘भूमिका’ म्हटलं की कोणी ती वाटून दिली असावी असा भास होतो खरा, तरी ‘हेतू’पेक्षा तो शब्द पुष्कळ सुरक्षित.

शरीराबद्दलही ‘प्रत्येक भागाला काम असतंच’ असं म्हणू नका. आपल्या पेशींत जीवनसत्त्व ‘क’ बनवण्याचं एक जनुक आहे, मोडलेल्या अवस्थेत. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते चालतं, आपल्यात आणि आपल्या जवळच्या नातलग वानरांत ते फार पूर्वी बंद पडलं. फळांतून ‘क’ मिळत होतं, म्हणून कोणाचं अडलं नाही, आणि मोडकं जनुक तसंच पुढे आलं. कांद्याच्या एका पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए असतो. कांद्याचे सुमारे 1,600 कोटी अक्षरजोड (डीएनएच्या साखळीतले दुवे), आपले 300 कोटींच्या थोडे वर. त्यातलं प्रत्येक अक्षर कामाचं आहे असं मानलं, तर कांदा घडवायला माणसापेक्षा पाचपट सूचना का लागाव्यात, याचं उत्तर द्यावं लागेल.

पण उलट्या बाजूलाही घसरू नका. ॲपेंडिक्स हे बिनकामाचं शेपूट म्हणून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्यात प्रतिकारशक्तीशी संबंधित ऊतींची दाटी असते हे उघड आहे, आणि जुलाबाने आतडं धुऊन निघाल्यावर चांगले जिवाणू तिथून परत पसरत असावेत, असा विचार 2007 पासून गंभीरपणे मांडला जातो. ‘अजून पूर्ण कळलेलं नाही’ हे ॲपेंडिक्सबद्दल प्रामाणिक उत्तर आहे.

सिकलसेलबद्दल मात्र ते प्रामाणिक उत्तर नाही, बाई. तुमचं वर्गातलं वाक्य तिथे चुकलं. त्या आजारात ‘अजून कळलेलं नाही’ असं हेतूच्या बाबतीत काहीच उरलेलं नाही. तो कशामुळे होतो हे अक्षर न् अक्षर माहीत आहे.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते, अमिनो आम्लांच्या 146 दुव्यांची. जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि सहाव्या दुव्यावर ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एवढाच फरक. पण असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन देऊन मोकळं झालं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात. तांबडी पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मागून आलेल्या पेशी तिच्यावर तटतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि हाडांत, पोटात, छातीत कळा सुरू होतात. एरवी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस चालते; ही 10 ते 20 दिवसांत मोडते, म्हणून रक्तक्षय.

आता मलेरियाचं. हे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलं तर ती व्यक्ती ‘वाहक’ असते. तिला सहसा काही त्रास नसतो, आणि जीवघेण्या मलेरियापासून तिचा बराच बचाव होतो. अँथनी ॲलिसन यांनी हे 1954 मध्ये दाखवलं. मलेरियाच्या प्रदेशांत असे वाहक जास्त जगले, म्हणून जनुक टिकलं. पण दोन वाहकांना मूल झालं की चारात एक शक्यता अशी असते की दोघांकडूनही तेच जनुक यावं. मग आजार होतो. आणि ज्याला हा आजार आहे त्याला मलेरियापासून संरक्षण मिळत नाही. उलट, त्याला मलेरिया झाला तर तो जास्त धोक्याचा ठरतो. तुम्ही त्या मुलीला “तुझ्या भावाचा मलेरियापासून बचाव होतो” असं सांगितलं असतंत, तर ते चूक ठरलं असतं, आणि घरी त्यावर कोणी विसंबलं असतं तर घातक.

वरची दुसरी कसोटी इथे लावून बघा. जनुक का टिकलं? वाहकांना झालेल्या फायद्यामुळे. आजार का आहे? त्याच्यामुळे कोणाचं काही भलं झालं म्हणून नव्हे. तो बेरीज-वजाबाकीत उरलेला तोटा आहे. ज्या वाहकांचा बचाव झाला ते वेगळे, सोसणारा वेगळा, आणि ‘याने सोसावं म्हणजे त्यांना वाचवता येईल’ असा व्यवहार कोणी ठरवलेला नाही. नैसर्गिक निवडीला पुढचं दिसत नाही. जगून उरले त्यांची मुलं झाली, इतकंच तिथे घडतं. त्या मुलीच्या भावाच्या वेदनेला ‘कशामुळे’ आहे, संपूर्ण आहे. ‘कशासाठी’ नाही.

‘असेल काहीतरी हेतू’ हे वाक्य आपण सांत्वन म्हणून बोलतो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या 1677 मध्ये छापल्या गेलेल्या लिखाणात एक उदाहरण आहे. छपरावरून दगड पडून माणूस मेला. वारा सुटला होता आणि तो तिथून जात होता, एवढं सांगून भागत नाही. वारा तेव्हाच का सुटला? तो तेव्हाच का गेला? असं विचारत विचारत माणसं शेवटी ‘देवाची इच्छा’ इथे येऊन थांबतात, आणि स्पिनोझा त्याला अज्ञानाचा आसरा म्हणतो. त्याचे शब्द कडक आहेत. पण दुखण्याने गांजलेल्या मुलाला हा आसरा कसा लागतो याचा विचार करा. हेतू आहे म्हटलं की हेतू ठेवणारा कोणीतरी आला. मग त्याने आमचंच घर का निवडलं? आम्ही काय केलं होतं? आजार ही कसलीतरी शिक्षा आहे, अशी समजूत मुलं फार पटकन करून घेतात, आणि बोलून दाखवत नाहीत. ती मुलगी गप्प झाली आहे, ती कदाचित इथेच अडकली असेल.

तुमच्या मनात कदाचित असं येईल की हेतू नाही म्हणणं म्हणजे श्रद्धेवर घाव. तसं नाही. ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, म्हणजे प्रयोजन असल्याशिवाय मूर्खसुद्धा काही करायला जात नाही, हे वचन मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्टांचं. ते त्यांनी वापरलं ते जगाला हेतू आहे हे दाखवायला नव्हे, तर निर्मात्यालाच प्रश्न करायला: सगळं काही ज्याच्याकडे आहे, त्याला जग निर्माण करून मिळवायचं काय होतं? ब्रह्मसूत्रांत हीच शंका घेतली आहे आणि उत्तर दिलं आहे ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’, ही केवळ लीला. शंकराचार्य त्यावर श्वासाचा दाखला देतात. श्वास आत जातो, बाहेर येतो, बाहेरचं कसलं प्रयोजन मनात धरून नव्हे. म्हणजे ईश्वर मानणाऱ्यांतही ‘सृष्टीला प्रयोजन नाही’ हे उत्तर मान्यता पावलेलं आहे. सबंध विश्वाला हेतू आहे का, हा प्रश्न वेगळा आणि मोठा. वरच्या तीन कसोट्या त्याला लागू पडत नाहीत, कारण विश्व बिघडलं म्हणजे काय हेच सांगता येत नाही. तो तुमच्या तासात सोडवायची गरज नाही. मुलीच्या घरी आजी ‘देवाच्या मनात काहीतरी असेल’ म्हणत असेल आणि त्याने घराला धीर येत असेल, तर त्यावर बोलू नका.

आता वर्गात काय करायचं ते. (क्रमाने मुलीशी बोलणं आधी, वर्ग नंतर. पण वर्गाचं पटकन सांगून होईल.)

एक तास पुरतो. बारा चिठ्ठ्या करा: हृदय, हृदयाचा आवाज, रक्ताचा तांबडा रंग, गुलाबाचा काटा, टोकदार खडक, फळाचा गर, पाण्यावर तरंगणारा बर्फ, चंद्र, पेन्सिल, पेन्सिलची सावली, पक्ष्याचं घरटं, ॲपेंडिक्स. कुठलाही आजार घेऊ नका. दोघादोघांत एक चिठ्ठी. वहीत दोन रकाने, ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’. नियम असा की पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि दुसरा रिकामा ठेवला तरी चालेल. हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा. न सांगितल्यास मुलं गुण जातील या भीतीने रिकामी जागा भरतात, आणि मग तुम्हाला चंद्राचे अकरा हेतू मिळतात.

वेळ भरपूर द्या. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी 1999 मध्ये दाखवलं की सात-आठ वर्षांची मुलं ‘खडक टोकदार का?’ याला ‘प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून’ अशा तऱ्हेचं उत्तर पसंत करतात. पुढे 2013 मध्ये व्यावसायिक शास्त्रज्ञांना घाईघाईने उत्तरं द्यायला लावली, तर तेही हेतूची चुकीची विधानं जास्त प्रमाणात बरोबर ठरवू लागले. म्हणजे ही ओढ वय वाढल्याने जात नाही. सावकाश विचार केला की तिला आवर घालता येतो, एवढंच.

दोन चिठ्ठ्यांवर हमखास अडेल. काटा आणि खडक दोन्ही टोकदार, मग एकाला हेतू आणि एकाला नाही, हे कसं? इथे दुसरी कसोटी चालवून दाखवा. काट्यामुळे चरणारं जनावर दूर राहिलं, ते झाड जगलं, त्याच्या बिया पडल्या, पुढच्या झाडाला काटा आला. खडकाला बी नाही. त्याच्या टोकामुळे पुढचा खडक टोकदार होत नाही. तो ऊन, पाणी आणि थंडीने तडकला, म्हणून टोकदार. हे वाक्य मुलांकडूनच येऊ द्या, घाई करू नका.

दुसरा बर्फ. ‘खाली मासे जगावेत म्हणून बर्फ तरंगतो’ हे उत्तर येणारच, पुस्तकांतही ते त्या थाटात लिहिलेलं असतं. पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात दाट असतं. गोठताना रेणू एकमेकांना ठरावीक अंतरावर धरून पोकळ जाळी करतात, आकारमान साधारण 9 टक्क्यांनी वाढतं, म्हणून बर्फ हलका. मासे जगतात हा परिणाम, आणि फार मोठा परिणाम. पण जिथे एकही मासा नाही तिथेही बर्फ तरंगतोच.

रक्ताच्या रंगासाठी एक ओळ पुरे. आपलं रक्त लोहामुळे तांबडं, ऑक्टोपसचं तांब्यामुळे निळसर, दोघांचं काम ऑक्सिजन वाहणं. रंग त्याच्यासोबत आलेला.

आता ती मुलगी. वर्गाबाहेर, एकटीला, दोन मिनिटांसाठी गाठा. पहिलं वाक्य चुकीच्या कबुलीचं असू द्या: “त्या दिवशी मी तुला जे उत्तर दिलं ते बरोबर नव्हतं.” शिक्षकाने असं म्हटलेलं मुलं विसरत नाहीत. मग सरळ सांगा: “तुझ्या भावाच्या आजाराला कारण आहे, हेतू नाही. तो कोणी दिलेला नाही. त्याने, तू, आईबाबांनी काही केलं म्हणून तो आलेला नाही.” एवढं बोलून थांबा. तिला बोलायचं असेल तर बोलेल. ‘देव चांगल्या माणसांचीच परीक्षा घेतो’, ‘यातून तुम्ही कणखर व्हाल’, ‘त्यालाही काहीतरी शिकायचं असेल’ ही तीन वाक्यं टाळा. तिन्ही हेतूच पुरवतात आणि तिन्हींत भावाचं दुखणं दुसऱ्या कशाचं तरी साधन होऊन बसतं.

तिने ‘मग आमच्याच घरी का?’ विचारलं, तर दोन नाणी काढा. एक नाणं आई, एक बाबा. छापा म्हणजे बदललेलं जनुक, काटा म्हणजे नेहमीचं. दोन्ही एकदम उडवायची, 40 वेळा, आणि ती स्वतः नोंद करील. दोन्ही छापा साधारण 10 वेळा येईल, एक छापा एक काटा 20 वेळा, दोन्ही काटा 10 वेळा. नेमके 10च येतील असं नाही. 7 येतील, 13 येतील, आणि ते तिला आधीच सांगा, नाहीतर ती आकड्यांतही काहीतरी खूण शोधत बसेल. नाण्याला मागची उडी आठवत नाही, म्हणून प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता पुन्हा चारात एक. नाणं छापा पडलं ते कसं फेकलं गेलं त्यामुळे. कोणाला काही दाखवून द्यायला नव्हे.

एक काळजी घ्या. ‘मग मी कोण, वाहक का?’ हा तिचा पुढचा प्रश्न असू शकतो. त्याचं उत्तर नाण्यांवरून देऊ नका. ते रक्ताच्या तपासणीतून कळतं आणि तो विषय तिच्या आईवडिलांचा आणि डॉक्टरांचा. “तपासता येतं, घरी विचार” इतकंच म्हणा. आणि आजाराची गोष्ट तिने स्वतः वर्गात काढली असली, तरी तुम्ही पुन्हा वर्गात काढू नका.

ती म्हणेल, “म्हणजे कशासाठीच नाही?” तर मान हलवून ‘नाही’ म्हणा. आवाज मऊ असू द्या, उत्तर मऊ करू नका.

भाऊ तुमच्याच शाळेत असेल तर त्याच्या वर्गशिक्षकांशी बोलून घ्या. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, फार दमणूक झाली की कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. पाण्याची बाटली बाकावरच राहू द्या आणि तासाला पाणी प्यायला परवानगी मागावी लागू नये. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, म्हणून त्याला वारंवार जावं लागेल. त्यावर बोलणी बसू नयेत. खेळाच्या तासाला दम लागल्यावर थांबायची मुभा त्याला त्याच्या हिशोबाने असू द्या. थंडीत स्वेटर काढायला लावू नका. आणि अंगात 38.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल, तर शाळा सुटायची वाट न बघता घरी कळवून त्याला त्याच वेळी डॉक्टरांकडे पोचवायचं, हे लिहून शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवा.